मास्तरांचा कंठा

१

स्पर्धेच्या सकाळी तलावाच्या ऑफिसातला खिळा रिकामा होता.

तसं पाहिलं तर त्या खिळ्यावर जे असायला हवं होतं, ते रस्त्यात पडलेलं दिसलं असतं तर कुणी उचलायलाही वाकलं नसतं. सायकलची जुनी ट्यूब, तिच्यात शिशाचे छर्रे ठासून भरलेले, वरून काळी चिकटपट्टी आणि आतल्या बाजूला पंक्चरचं एक ठिगळ. एका श्वासात पाण्याखालून पोहत जायचं, तर छातीत भरलेली हवा माणसाला सारखी वर ढकलत राहते. तिला आवर घालायला गळ्यात असं वजन घालतात. ही स्पर्धा सुरू करणाऱ्या मास्तरांनी स्वतःसाठी बनवलेलं हे पहिलं वजन. सगळे त्याला मास्तरांचा कंठा म्हणायचे. मास्तर तीन वर्षांपूर्वी घरी, आपल्या अंथरुणात, शांत झोपेत गेले आणि त्यानंतर कंठा हाच या स्पर्धेचा चषक झाला. जो जिंकेल त्याने वर्षभर घरी न्यायचा, पुढच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आणून खिळ्याला लावायचा.

स्पर्धा हौशी मंडळींची. क्लब दोनच, नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा. गेल्या वर्षी पलीकडच्यांचा कप्तान जिंकला होता. हा कप्तान एरवी लिफ्ट दुरुस्त करायचा आणि अडकलेल्या लोकांशी बोलायची सवय असल्यामुळे सगळ्यांशीच धीर दिल्यासारखा बोलायचा. आज मात्र त्याचा स्वतःचा धीर सुटत चालला होता.

"काल संध्याकाळी सगळ्यांसमोर मी स्वतः लावला," तो म्हणाला. "वर्षभर दर आठवड्याला पावडर चोळली त्याला. रबर तडकू नये म्हणून काकूंनी बजावलं होतं ना. पोराबाळांसारखा सांभाळला."

काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्या कोपऱ्यात काहीतरी शिवत बसल्या होत्या. दोन्ही क्लबांच्या गळ्यातल्या वजनांना रंगीत कापडी खोळी त्याच शिवून द्यायच्या, मानेला रबर काचू नये म्हणून.

"लावलास खरा," मास्तरांचा मुलगा म्हणाला. "पण नंतर टोपी विसरली म्हणून परत कोण आलं होतं ऑफिसात? एकटा?"

हा मुलगा प्लंबर. गळती कुठे आहे हे भिंतीला कान लावून सांगायचा, पण तोंडातून काय गळतंय याचं त्याला भान नसायचं. कप्तानाने खांद्यावरची बॅग उचलली आणि आपल्या माणसांकडे पाहिलं.

"चला रे. चोर म्हणवून घ्यायला आलो नव्हतो आपण. आणि पुढच्या वर्षी बोलवायचे कष्टही घेऊ नका."

मास्तरांची लेक दारात आडवी उभी राहिली. ती बेकरी चालवायची, पहाटेपासून भट्टीपुढे राबून थेट इथे आली होती. वडिलांमागे ही स्पर्धा तिनेच एकहाती उभी ठेवली होती. पलीकडचे गेले की स्पर्धा संपली, आजची आणि कायमची, हे तिला दिसत होतं.

तेव्हा पंचांच्या खुर्चीतून दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. दोन्ही क्लबांच्या दाढा त्यांच्याच हाताखालून गेलेल्या, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी फार तोंड उघडत नसे आणि त्यांनी सांगितलं तर लगेच उघडत असे.

"पहिली फेरी होऊ दे," त्या म्हणाल्या. "तोवर मला वेळ द्या. अंतिम फेरीआधी कंठा सापडला नाही, तर मीच तुम्हाला गाडीपर्यंत सोडायला येईन आणि पंच म्हणून पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही."

कप्तानाने बॅग खाली ठेवली. पण खांद्यावरचा पट्टा काढला नाही.

२

डॉक्टरीणबाईंनी खिळा पाहिला, दार पाहिलं, कुलूप पाहिलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन, एक प्लंबरकडे, एक त्याच्या बहिणीकडे. रात्री कुलूप प्लंबरने लावलं आणि सकाळी त्यानेच उघडलं.

मग त्यांनी स्वतःला विचारलं, असली ओबडधोबड ट्यूब लपवायची तर कुठे लपवावी? तलावाच्या काठाला खुंट्यांवर सगळ्यांची वजनं टांगलेली होती, रंगीबेरंगी खोळींत. सगळी मास्तरांच्याच नमुन्यावर बनवलेली. वरून खोळ चढवली की कंठा ओळखायची सोय नाही. खोळी दोन्ही बाजूंनी शिवून बंद केलेल्या. त्या उसवून बघायच्या म्हणजे प्रत्येक पाहुण्याचा गळा तपासण्यासारखं. एवढ्याने कप्तान नक्की निघून गेला असता.

"उसवायची गरजच नाही," त्या स्वतःशी म्हणाल्या. वजन ज्याचं त्यालाच जमतं. जास्त झालं की माणूस तळाला घासतो, कमी झालं की पाठ वर तरंगते. ज्याच्या गळ्यात परकं वजन असेल तो पाण्यात सरळ जाणारच नाही. नुसतं बघत बसायचं.

पण त्याआधी प्लंबर. त्याला त्यांनी खिडकीजवळ, उजेडात उभा केला.

"आ कर."

"डॉक्टर, आत्ता?"

"आ कर म्हटलं ना."

त्याने मुकाट्याने तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आत डोकावलं आणि गालावरून बोट फिरवलं. जबडा दगडासारखा घट्ट झाला होता.

"रात्रभर दाढा आवळून झोपलायस. काय लपवतोयस?"

"आं आं."

"मिट आता. आणि सांग."

प्लंबरने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "ताईला सांगू नका. माझ्या गाडीच्या डिकीत आहे."

डिकीत पाइपांच्या तुकड्यांमध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. गोल आणि वजनदार.

३

चादर उलगडली, तर आतून चकाकता चषक निघाला. दोन कान, लाकडी बैठक, वर पोहणारा माणूस. त्या माणसाने हात पुढे न करता आकाशाकडे केले होते, ते सोडा.

"मला लाज वाटायची हो," प्लंबर म्हणाला. "जिंकणाऱ्याला आपण पंक्चर झालेली ट्यूब देतो. म्हटलं यंदा हा द्यावा आणि कंठा आमच्या घरी राहू द्यावा. बाबांचा आहे तो. पण ताई म्हणाली असती, बाबांची स्पर्धा आहे, बाबांचाच चषक. म्हणून बोललोच नाही."

"म्हणजे कंठा नाहीसा व्हावा असं तुला वाटत होतं."

"घरी यावा असं वाटत होतं. चोरीला जावा असं नाही." त्याचे डोळे भरून आले. "आणि त्याला उगीच बोललो मी सगळ्यांदेखत. आधी बोलतो, मग डोकं चालतं माझं."

डॉक्टरीणबाईंनी त्याची पाठ थोपटली. जबडा आता सैल पडला होता. दाढा एवढ्या लवकर खोटं बोलायला शिकत नाहीत, असा त्यांचा जन्माचा अनुभव होता.

पहिली फेरी सुरू झाली. पाण्याखालून पोहण्याच्या स्पर्धेत आरडाओरडा नसतो. एकेक जण काठाला टेकतो, डोळे मिटतो, एक खोल श्वास घेतो आणि पाण्याखाली जातो. मग सगळा हॉल त्याच्याबरोबर श्वास रोखतो. वर आल्यावर काठ धरायचा, चष्मा काढायचा, बोटांनी खूण करायची आणि स्पष्ट म्हणायचं, "मी ठीक आहे." एवढं नीट केलं तर पंचाचं पांढरं कार्ड, चुकलं तर लाल. कितीही लांब गेलेला असो, ते वाक्य जमलं नाही तर बाद.

एकामागून एक मंडळी गेली. सगळी सरळ, ज्याच्या त्याच्या उंचीवर. मग कप्तान उतरला.

भिंतीला पाय देऊन निघाला आणि खाली खालीच जाऊ लागला. त्याचं पोट तळाच्या फरशीला घासलं. हाताने स्वतःला वर उचलत, पुन्हा बसत, तो कसाबसा पलीकडे पोचला.

त्याच्या गळ्यात त्याच्या अंगाला न पेलणारं वजन होतं.

४

"दाखव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांना फार वाईट वाटत होतं. कप्तानाने गळ्यातलं वजन काढलं, बॅग पुन्हा खांद्याला अडकवून तिच्यातली छोटी कात्री काढली आणि स्वतःच खोळ उसवली. आत निळी चिकटपट्टी होती, लिफ्टच्या वायरींना लावतात तसली. ठिगळ नव्हतंच.

"मग तळाला का घासलास?"

कप्तान कानापर्यंत लाल झाला. "पोट गेलं माझं."

"काय?"

"लग्न ठरलंय. ती म्हणाली, पोट कमी कर. तर केलं. सहा महिने गोड खाल्लं नाही, लिफ्टवाला असून जिने चढलो. चरबी तरंगते ना डॉक्टर, ती गेली की माणूस बुडतो. गळ्यातलं शिसंही कमी करायचं हे ध्यानातच आलं नाही. सगळं लक्ष कमरेकडे."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. कप्तानही हसला आणि हसता हसता त्याने खांद्यावरचा पट्टा काढून ठेवला. पण लगेच म्हणाला, "मी चोर नाही हे तुम्हाला कळलं. बाकीच्यांना?"

शेवटी मास्तरांची लेक उतरली. तिच्या पोहण्याबद्दल सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. तिची पाठ नेहमी वर यायची. मास्तर होते तोवर दर स्पर्धेनंतर बापलेकीचा तोच वाद. ते म्हणायचे, थोडं शिसं वाढव. ती म्हणायची, मला नाही लागत. दोघंही हट्टी, एक इंच मागे हटायचे नाहीत. ते गेल्यावर तर तिने त्या वजनाला हातच लावला नाही.

आज ती गेली ती अशी, की काठावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. ना वर, ना खाली. पाण्याच्या मधोमध, सरळ, घाई न करता. तिची आजवरची सगळ्यात लांब मजल झाली आणि वर येऊन तिने दम न लागता म्हटलं, "मी ठीक आहे."

"कसं काय गं आज?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

"काय माहीत डॉक्टर. झोप नाही, मान जड झालीये सकाळपासून, आणि पाणी मात्र आज फार लाड करतंय." तिने बॅगेतून टॉवेल ओढला. गडद निळ्या टॉवेलवर पांढऱ्या भुकटीचा पट्टा उमटला होता.

"बघा," प्लंबर म्हणाला, "ताईच्या बॅगेतसुद्धा मैदा."

सगळे हसले. डॉक्टरीणबाईंनी आपल्या ओल्या हाताने तो पट्टा झटकला. हात कोरडा आणि गुळगुळीत झाला. त्यांनी तो नकळत पदराला पुसला आणि पुढे चालू लागल्या.

चार पावलं गेल्या आणि थांबल्या. पहिल्या बाकावर काकू बसलेल्या होत्या.

काकू स्पर्धेला दरवर्षी यायच्या, पण पाण्याकडे कधी बघायच्या नाहीत. कुणी पाण्याखाली गेलं की त्या चहाच्या खोलीत जाऊन नळ सोडायच्या आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायच्या. ते वाक्य ऐकू येईपर्यंतची शांतता त्यांना सोसायची नाही. आज त्या पहिल्या बाकावर बसून लेकीकडे टक लावून बघत होत्या. मांडीवर शिवणाची पिशवी होती आणि दोन्ही हात तिच्यावर घट्ट.

५

डॉक्टरीणबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

"काकू, पिशवी द्या, धरते मी."

"नको गं. जड नाहीये."

"शिवणाची पिशवी जड नसतेच. पण ही बाकाला टेकली तेव्हा धप्प वाजली."

काकूंनी पिशवी आणखी जवळ ओढली. डॉक्टरीणबाईंनीही घाई केली नाही. दुखऱ्या दाढेला आधी आजूबाजूने हात लावायचा असतो.

"मी सकाळपासून उलटं शोधत होते," त्या म्हणाल्या. "परकं वजन घातलेला माणूस चुकीचा पोहेल, असं धरून बसले. पण ज्याचं स्वतःचंच वजन पहिल्यापासून चुकीचं आहे, त्याला परकं वजन बरोबर बसलं तर? तो एकदम नीट पोहायला लागेल. आज इथे असं एकच माणूस पोहलं. आणि ते वजन तिच्या वडिलांचं असेल तर बसणारच. उंची तीच, खांदे तेच, हट्टसुद्धा तोच."

काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"मग तो मैदा. मैद्याला ओला हात लागला असता तर बोटांवर कणीक मळली गेली असती. माझा हात गुळगुळीत झाला. ती टाल्कम पावडर होती. रबराला पावडर लावणारी माणसं दोन. एक कप्तान, तो तिच्या बॅगेपाशी गेलेला नाही. दुसरी तिच्याच घरात राहते."

"सवय गं," काकू हळूच म्हणाल्या. "हातात आला की पावडर लावल्याशिवाय राहवत नाही."

"आणि किल्ल्या दोन, असं सगळे म्हणाले. मास्तरांचा जुडगा कुठे आहे, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही."

"देवघरात नाही, कपाटात नाही, दाराच्या मागे टांगलेला असतो. ते होते तेव्हा असायचा तसाच." काकूंनी पिशवीचं तोंड उघडलं. आत काळ्या चिकटपट्टीतलं एक वजन होतं, बिनखोळीचं. लेकीचं. "ही पहाटे भट्टीवर गेली, तेव्हा मी जाऊन आणला. तिची पोहायची बॅग घरीच होती, मीच घेऊन येणार होते. तिची खोळ उसवली, याच्यावर चढवली आणि शिवून टाकली."

"तेही दिसलं. खोळ विटलेली लाल आणि टाके कोरे लाल. टाके घालणं माझंही पोटापाण्याचं काम आहे काकू."

काकू हसल्या आणि त्यांनी पिशवीचं तोंड पुन्हा आवळलं. "शेवटच्या दिवशीसुद्धा दोघं त्यावरूनच बोलत होते गं. थोडं शिसं वाढव. नाही वाढवणार. रात्री ते झोपले आणि सकाळी ती कुणाशी भांडणार? तेव्हापासून ती त्या वजनाला हात लावत नाही, लावू देत नाही. म्हटलं, एकदा तिला न कळता त्यांचं ऐकू दे. संध्याकाळी गुपचूप परत लावणार होते खिळ्याला. एवढा गोंधळ होईल असं वाटलं नव्हतं. सकाळी त्या पोरावर आळ आला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी बोलले असते तर तिने काढून ठेवला असता, न पोहताच."

"आता बोलावं लागेल, काकू. तो पट्टा परत खांद्यावर चढायच्या आत."

काकूंनी डोळे पुसले. "तू सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मी सांगते."

६

काकू उठल्या आणि तलावाच्या काठावर, सगळ्यांच्या समोर, त्यांनी सगळं सांगितलं. सुरुवातच कप्तानापासून केली.

"तुझी माफी मागायची आहे बाळा. कंठा मी नेला. तू चांगला सांभाळलास, एकही तडा नाही."

कप्तान एवढा गडबडला की त्याने काकूंनाच सॉरी म्हटलं. प्लंबर मध्येच घुसला आणि त्याच्या गळ्यात पडला, आणि ओल्या फरशीवरून घसरून दोघंही जवळजवळ तलावात पडले.

मास्तरांची लेक मात्र जागची हलली नाही. तिचा हात गळ्याकडे गेला होता. तिने खोळीवरूनच आतली बाजू चाचपली आणि ठिगळ तिच्या बोटाला लागलं.

"म्हणजे बाबांचं बरोबर होतं," ती म्हणाली.

"पहिल्यापासून," काकू म्हणाल्या.

"तीन वर्षं मी..." ती हसायला लागली, मग रडायला, आणि दोन्ही एकदम करणं पाण्याखाली राहण्यापेक्षा अवघड असतं. आईने तिला जवळ घेतलं. मग लेकीने डोळे पुसले आणि गळ्यातला कंठा काढायला हात मागे नेला. "हा चषक आहे. घालून पोहणं बरोबर नाही."

"थांब," कप्तान म्हणाला. "डॉक्टर, अंतिम फेरी होईपर्यंत कंठा कुणाचा?"

"गेल्या वर्षीच्या विजेत्याचा. तुझा."

"मग मी तो हिला उसना देतोय. माझी वस्तू, माझी मर्जी." मग तो काकूंच्या पिशवीकडे वळला. "बदल्यात ते मला द्या. मला कमी शिसं हवंय आणि हिचं आहेच कमी."

नियमात गळ्यात काय घालावं याबद्दल काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

अंतिम फेरी दोघांचीच, गेल्या वर्षीचा विजेता आणि पहिल्या फेरीत सगळ्यात लांब गेलेली लेक. आधी कप्तान गेला. लेकीचं जुनं वजन गळ्यात घालून तो फरशीपासून हातभर वर, सरळ रेषेत गेला आणि पलीकडच्यांनी नियम विसरून जागच्या जागी उड्या मारल्या. तो फार लांब गेला. वर आला, खूण केली, "मी ठीक आहे" म्हणाला आणि पांढरं कार्ड मिळवलं. हरला तरी त्याला काही मिळणार होतं, कारण प्लंबर डिकीतून तो चकाकता चषक घेऊन आला होता आणि दुसऱ्या नंबरासाठी टेबलावर ठेवत होता. ताईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि काही बोलली नाही. म्हणजे चाललं.

मग मास्तरांच्या लेकीने काठ धरला. डोळे मिटले. श्वास घेतला.

हॉलमध्ये पंख्यांचाही आवाज बंद झाल्यासारखा वाटला. चहाच्या खोलीतला नळ आज वाजत नव्हता. काकू पहिल्या बाकावर बसून होत्या, डोळे उघडे ठेवून. डॉक्टरीणबाई काठाकाठाने तिच्याबरोबर चालत होत्या. पाण्याखालची ती आकृती भिंतीला पोचली, वळली, परत निघाली. कप्तान थांबला होता ती जागा मागे पडली. ती जातच राहिली आणि कप्तानाने स्वतःच दोन्ही हात वर केले.

मग ती वर आली. काठ धरला. चष्मा काढला. बोटांनी खूण केली. तिचे ओठ उघडले आणि काही क्षण तिच्या तोंडून काहीच निघेना. ती आईकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंच्या एका हातात पांढरं कार्ड होतं, एका हातात लाल, आणि कोणतं वर करावं लागेल या विचाराने त्यांच्याच दाढा आवळल्या गेल्या होत्या.

"मी ठीक आहे," ती म्हणाली.

पहिल्या बाकावरून काकू म्हणाल्या, "मी पण."

डॉक्टरीणबाईंनी पांढरं कार्ड वर केलं.